नळाचं पाणी आणि विजेचं बिल

आज दिवसभर इंदूरजवळच्या एका छोट्या नगरपरिषदेत होतो. ऊर्जा आराखडा करायचा होता, पण सुरुवात झाली ती कपाटातून काढलेल्या विजेच्या बिलांच्या गठ्ठ्यापासून. तीन वर्षांची बिलं. उपयंत्री (सब-इंजिनिअर) साहेब आणि मी चटईवर बसून ती लावत होतो: दिवाबत्ती एकीकडे, पंप एकीकडे, कार्यालय एकीकडे. पंपांचा ढीग सगळ्यांत उंच झाला. पुढे दिसलं की दोन पंपांवर पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामाला लागणारा वाटा) कमी म्हणून दर महिन्याला दंड लागतोय. तो वाटा सुधारणारी उपकरणं, म्हणजे कपॅसिटर, बसवले की दंड थांबेल. साहेब बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले.

मग मी त्यांना नर्मदाकाठच्या जलूदचं सांगितलं, जिथून इंदूरसाठी पाणी उपसतात. आपल्या इंदूरला नर्मदेचं पाणी साधारण 70 किलोमीटरवरून, विंध्य चढून येतं. त्या उपशाच्या विजेसाठीच 2023 मध्ये महापालिकेने हरित रोखे (पर्यावरणपूरक कामासाठी गुंतवणूकदारांकडून घेतलेलं कर्ज) काढले, जलूदला 60 मेगावॉटच्या सौर प्रकल्पासाठी. सामान्य लोकांनीही ते घेतले. हवामानबदल म्हटलं की लोकांना हिमनद्या आठवतात, मला हा पंप आठवतो.

छोट्या गावाला रोखे काढणं जमणार नाही, हे खरं. पण सौर पॅनेल लावायला पंपघराचं छप्पर आहे, आणि बाजूला मोकळी जागाही.

घरी आलो तर आई नळाखाली बादली लावून उभी. म्हणाली, "आज नर्मदा जोरात आहे रे."

शुक्रवारी छप्पर मोजायला परत जातोय. साहेबांनी स्वतःच फोन करून बोलावलंय.