उशिरा उतरलेली अमेरिका : कॅन्सस सिटीचं महायुद्ध संग्रहालय

पहिल्या महायुद्धाचं अमेरिकेचं राष्ट्रीय संग्रहालय राजधानीत असेल, असं कुणालाही वाटेल. ते आहे मिसूरी राज्यातल्या कॅन्सस सिटीत, कुठल्याही समुद्रापासून हजारेक किलोमीटर आत. युद्ध संपल्यावर १९१९ साली या गावानं दहा दिवसांत २५ लाख डॉलरांहून जास्त वर्गणी जमवली आणि युनियन स्टेशनसमोरच्या टेकडीवर २१७ फुटांचा मनोरा उभारला. त्या मनोऱ्याच्या पोटात २००६ साली आजचं संग्रहालय सुरू झालं. माझा भाचा जवळच ओव्हरलँड पार्कला राहतो. सुट्टीच्या दिवशी तोच मला घेऊन गेला.

आत शिरताना काचेचा पूल ओलांडावा लागतो. पायाखाली पॉपीची लाल फुलं पसरलेली, ९,००० फुलं. एक फूल म्हणजे युद्धात गेलेले १,००० सैनिक. आम्ही पुलावरच हिशोब मांडत बसलो. फ्रान्सची तेराशेच्या वर फुलं. अमेरिकेच्या १ लाख १६ हजार मृतांची ११६, आणि त्यातलेही निम्म्याहून जास्त आजारानं गेलेले, मुख्यतः इन्फ्लुएन्झाच्या साथीत. "मामा, आपली किती?" भाच्यानं विचारलं. त्या वेळच्या हिंदुस्थानची सुमारे ७४. त्याला मेसोपोटेमियातलं कुत माहीत नव्हतं. तिथे वेढ्यात उपासमार सोसून एप्रिल १९१६ मध्ये शरण जावं लागलेल्या सैन्याचं नाव सहावी पूना डिव्हिजन होतं आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या, हे मी त्याला तिथंच सांगितलं. पुण्यात शाळा शिकलेल्या मुलाला हे अमेरिकेत येऊन कळावं, याचं मला फार वाईट वाटलं.

संग्रहालयाची मांडणी मला मनापासून आवडली, कारण ती प्रामाणिक आहे. दालनाचे सरळ दोन भाग केलेत. पहिल्या भागात १९१४ ते १९१७ : साराजेव्होत झालेला ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून, एकमेकांना बांधून घेतलेली युरोपातली राज्यं, खंदक, विषारी वायू. या अर्ध्या भागात अमेरिका लढायला नाहीच. मधल्या नाट्यगृहात चिखलानं भरलेल्या रणभूमीच्या देखाव्यापुढे चित्रफीत दाखवतात, ती अमेरिका युद्धात का उतरली याची. ती पाहून बाहेर पडलं की मग १९१७ च्या पुढचं दालन लागतं.

आपल्या शाळेत 'लुसिटानिया बुडाली म्हणून अमेरिका युद्धात पडली' एवढ्यावर विषय संपायचा. पण हे ब्रिटिश प्रवासी जहाज जर्मन पाणबुडीनं बुडवलं ७ मे १९१५ ला. जवळजवळ १,२०० माणसं गेली, त्यात १२८ अमेरिकन. त्यानंतरही अमेरिका जवळपास दोन वर्षं बाहेर राहिली. १९१६ ची निवडणूक राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन जिंकले, तीही 'यांनी आपल्याला युद्धाबाहेर ठेवलं' या प्रचारावर. त्याच काळात पैशाचा ओघ मात्र एकाच दिशेनं चालला होता. १९१७ च्या वसंतापर्यंत अमेरिकेतून दोस्त राष्ट्रांना सुमारे २३० कोटी डॉलरचं कर्ज गेलं होतं, जर्मनीला जेमतेम २ कोटी ७० लाखांचं. गहू, कापूस, दारूगोळा, सगळं उधारीवर. देणेकरी बुडाला तर सावकाराची झोप उडणारच. एकट्या कर्जापायी अमेरिका लढली असं मी म्हणणार नाही, पण ती तटस्थ होती हे म्हणणंही अवघड आहे.

अखेरचा धक्का जर्मनीनंच दिला. १ फेब्रुवारी १९१७ पासून तिच्या पाणबुड्यांनी ब्रिटनच्या वाटेवरची कुणाचीही जहाजं बुडवायला सुरुवात केली. अमेरिका यामुळे उतरेल हे बर्लिनला ठाऊक होतं, तिचं सैन्य पोचायच्या आत ब्रिटन गुडघे टेकेल असा त्यांचा अंदाज होता. त्यातच परराष्ट्रमंत्री झिमरमन यांची सांकेतिक तार इंग्रजांनी पकडली. मेक्सिकोनं जर्मनीची साथ द्यावी, बदल्यात टेक्सास, न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना परत मिळवायला मदत करू, असा तो प्रस्ताव. १ मार्चला तो वर्तमानपत्रांत आला. बनावट असेल अशी शंका लोक घेत होते, तोवर खुद्द झिमरमन यांनीच तार खरी असल्याचं सांगून टाकलं! समुद्रावरचं युद्ध कॅन्ससच्या शेतकऱ्याला लांबचं होतं, टेक्सास लांबचा नव्हता. ६ एप्रिलला युद्ध पुकारलं गेलं. तरीही प्रतिनिधिगृहात ५० जणांनी विरोधात मत दिलं. त्यात जेनेट रँकिन होत्या, संसदेत निवडून आलेल्या पहिल्या महिला. १९४१ मध्ये जपानविरुद्धच्या मतदानात तर त्या एकट्याच विरोधात उभ्या राहिल्या. त्यांच्याशी सहमत व्हायलाच हवं असं नाही, पण त्या धैर्यापुढे मी नतमस्तक आहे.

दुसऱ्या भागात अमेरिकन सैन्यानं वापरलेला रेनो एफटी रणगाडा आहे. पुण्यातल्या रिक्षापेक्षा फार मोठा वाटत नाही. मागच्या बाजूला जर्मन तोफगोळ्यानं पाडलेलं भगदाड तसंच ठेवलंय, पत्रा आत वळलेला. तो रणगाडा फ्रेंच बनावटीचा. १९१७ मध्ये जगातल्या सगळ्यात मोठ्या औद्योगिक देशाकडे स्वतःचे रणगाडे नव्हते, इतकी ती तयारीशिवाय उतरली होती.

वर मनोऱ्याशेजारी मेमरी हॉल आहे. तिथलं भिंतभर चित्र चुकवू नका. युद्ध चालू असतानाच पॅरिसमध्ये शंभराहून जास्त चित्रकारांनी चारशे फूट लांबीचं गोलाकार चित्र रंगवलं. त्याचं नाव 'पाँतेओं द ला गेर'. मध्यभागी अर्थातच फ्रान्स, भोवती दोस्त राष्ट्रांची हजारो माणसं. पुढे ते अमेरिकेत आलं, खेळ झाले आणि नंतर बरीच वर्षं खोक्यात पडून राहिलं. १९५० च्या दशकात डॅनियल मॅकमॉरिस या स्थानिक चित्रकारानं त्यातले तुकडे कापून, जोडून या भिंतीवर बसवले. आता मध्यभागी अमेरिका आहे. खाली ९,००० त ११६ फुलं आणि वर भिंतीवर मधली जागा! मला राग आला, पण चित्राचा इतिहास संग्रहालय स्वतःच उघडपणे सांगतं, म्हणून तो टिकला नाही.

जेवून आम्ही इंडिपेन्डन्सला गेलो. अर्ध्या तासाच्या आत पोचतो. तिथे माजी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांचं ग्रंथालय आणि संग्रहालय आहे, अंगणात त्यांची समाधी. १९१७ मध्ये ट्रुमन ३३ वर्षांचे, शेती करणारे आणि नजर कमजोर. घरी राहता आलं असतं. तरी ते गेले आणि फ्रान्समध्ये तोफखान्याच्या 'बॅटरी डी'चे कप्तान झाले. ११ नोव्हेंबर १९१८ च्या सकाळीही त्यांच्या तोफा चालू होत्या.

त्यांची पिढी परतली तेव्हा देशाला युद्धाचा वीट आला होता. सेनेटनं व्हर्सायचा तह फेटाळला, विल्सन यांनीच मांडलेल्या राष्ट्रसंघात अमेरिका गेलीच नाही. युरोपची कर्जं थकली. १९३४ मध्ये सिनेटर नाय यांच्या समितीनं सावकार आणि शस्त्रवाल्यांच्या नफ्याची चौकशी सुरू केली, आणि १९३५ पासून तटस्थतेचे कायदे आले. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना ब्रिटनला मदत करायची होती, तर मार्च १९४१ मध्ये 'लेंड-लीज'ची, म्हणजे युद्धसामग्री उसनी देण्याची, वाट काढावी लागली. तिकडे जपाननं दक्षिण इंडोचायनात सैन्य घातल्यावर अमेरिकेनं त्याचं तेल तोडलं, आणि ७ डिसेंबरला पर्ल हार्बरवर बाँब पडले. चार दिवसांनी हिटलरनं स्वतःहून अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारलं. पहिल्या युद्धाच्या निराशेनं अमेरिकेला दुसऱ्यातही उशीर करायला लावला, असं मला ही दोन्ही ठिकाणं एकाच दिवशी पाहून पटलं.

बॅटरी डीचा तो कप्तान एप्रिल १९४५ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला. ऑगस्टमधल्या दोन अणुबाँबची जबाबदारी त्याचीच, आणि त्या दालनात मला बराच वेळ थांबावंसं वाटलं नाही. पण त्याच वर्षी जुलैमध्ये संयुक्त राष्ट्रांची सनद सेनेटपुढे आली होती. विल्सनना जे जमलं नव्हतं, ते या वेळी ८९ विरुद्ध २ मतांनी मंजूर झालं.