आमची वाटचाल : डमीवरची दोन मिनिटं

कोल्हापुरात रिक्षावाल्याला ‘सीपीआर’ म्हटलं की तो सरळ छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाच्या दारात नेऊन सोडतो. २०१० साली आम्ही ‘सीपीआर व प्रथमोपचार प्रशिक्षण’ असा बोर्ड लावला, तेव्हा पहिले सहा महिने आमच्या जिन्यावर लोक केसपेपर घेऊन यायचे. कुणी वॉर्डाचा नंबर विचारायचं, कुणी डॉक्टर किती वाजता बसतात म्हणायचं. एका आजींना मी स्वतः स्कूटरवरून दवाखान्यात पोचवून आलो. शेवटी बोर्डाखाली ‘हृदय बंद पडल्यावर छाती दाबण्याचं शिक्षण’ असं लिहून घेतलं. पेंटर म्हणाला, अक्षरं वाढली, पैसे वाढतील. दिले.

या धंद्यात मी का आलो ते एकदा लिहून ठेवायचं होतं. त्याआधी नऊ वर्षं मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सेफ्टी सुपरवायझर होतो. पावसाळ्यात वेल्डिंगवरचा एक पोरगा शॉक लागून पडला. मेन बंद केला, त्याला बाजूला ओढलं, आणि पुढं काय करायचं ते कुणालाच कळेना. एकानं तोंडावर पाणी मारलं, दोघं तळपाय चोळायला बसले, एक जण कांदा आणायला कँटीनकडं पळाला. मी भिंतीवरची पेटी उघडली. आत डेटॉलची रिकामी बाटली, वाळून खडखडीत झालेलं मलम आणि स्टोअरचा रबरी शिक्का. फॅक्टरी अ‍ॅक्ट १९४८ च्या ४५ व्या कलमात दर दीडशे कामगारांमागं एक पेटी आणि तिच्यावर प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र असलेला माणूस कामाच्या वेळेत हजर असला पाहिजे, असं तेव्हा लिहिलेलं होतं. त्या पेटीवर माझं नाव होतं. प्रमाणपत्रही होतं माझ्याकडं. एका दुपारी हजेरीवर सही केली आणि चहा घेऊन परत आलो, एवढ्यावर मिळालेलं. पोरगा वाचला नाही. तो आचके दिल्यासारखा श्वास घेत होता आणि आम्ही सगळे म्हणत होतो, श्वास चालू आहे, श्वास चालू आहे. ते आचके म्हणजे श्वास नव्हे, हे मला दोन वर्षांनी कळलं.

ते सांगणारे सुभेदारमामा. सैन्याच्या वैद्यकीय विभागातून निवृत्त होऊन गावी आलेले. आमची ओळख एसटीच्या बाकावर झाली आणि भागीदारी चहाच्या टपरीवर. लेखी कागद आम्ही शेवटपर्यंत केला नाही. त्यांनी पेन्शनच्या पैशातले निम्मे घातले, मी फंडातले निम्मे घातले, आणि पुण्याहून एक सेकंडहँड डमी, म्हणजे छाती दाबायच्या सरावाचा माणसासारखा पुतळा, आणली. ज्यांनी डमीवर हात ठेवलाय त्यांना तो चेहरा आठवत असेल, डोळे मिटलेली, किंचित हसल्यासारखी मुलगी. नॉर्वेच्या आस्मुंड लेर्दाल या खेळणी बनवणाऱ्या माणसानं १९६० साली ही डमी काढली. चेहरा पॅरिसच्या सीन नदीत सापडलेल्या एका अनोळखी मुलीचा, असं सांगतात. सुभेदारमामांनी तिचं नाव ताई ठेवलं. बॅच संपली की तोंड स्पिरिटनं पुसायचे, फुप्फुसाची पिशवी बदलायचे आणि म्हणायचे, “चला ताई, घरी.”

पहिल्याच वर्षी झटका बसला. आम्ही एक हजार तक्ते छापून घेतले : आधी श्वासाची वाट, मग श्वास, मग छाती. शाई वाळते न वाळते तोच २०१० च्या ऑक्टोबरात अमेरिकन हार्ट असोसिएशननं क्रम फिरवला, छाती पहिली. सुभेदारमामांनी आयुष्यभर श्वास आधी शिकवलेला. रात्रभर ते कागद वाचत बसले. सकाळी म्हणाले, “बरोबर आहे त्यांचं. रक्तात थोडा वेळ पुरेल एवढा ऑक्सिजन असतोच, तो फिरवला पाहिजे.” हजार तक्ते रद्दीत गेले. चूक शिकवण्यापेक्षा रद्दी बरी, हे त्या दिवशी ठरलं ते ठरलंच.

आमची म्हणून जी पद्धत आहे, ती मामांची. मिनिटाला शंभर ते एकशेवीस दाब, खोली पाच सेंटिमीटरच्या वर पण सहाच्या आत, दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, हे कुठल्याही पुस्तकात मिळेल. पण पुस्तकात हे नाही की आपला माणूस मराठीत तीस मोजायला लागला की एकोणीसपासून हात मंदावतो. ‘एकोणतीस’ म्हणेपर्यंत दुसरा माणूस एक दाब जास्त देतो. म्हणून आम्ही एक ते दहा असं तीनदा मोजायला लावतो. तसंच ताकदीचं. मंगळवार पेठेतल्या तालमीतले पैलवान एका बॅचला आले होते. खांदे दारात मावेनात. कोपरं वाकवून, दंडाच्या जोरावर दाबायला लागले आणि मिनिटात हाशहुश करून बसले. त्याच बॅचमधली एक परिचारिका, वजन असेल पंचेचाळीस किलो, हात सरळ, खांदे डमीच्या छातीवर, कमरेतून वजन टाकत दोन मिनिटं सलग चालली आणि एकही क्लिक चुकली नाही. दाब पुरेसा खोल गेला की डमी क्लिक करते. तो आवाज मला झोपेतसुद्धा कळतो.

नियम एकच ठेवला : सलग दोन मिनिटं डमीवर नीट दाबल्याशिवाय आमच्याकडून कुणी परीक्षेला बसत नाही. मालक असो, मॅनेजर असो. कायद्याला चालणारं प्रमाणपत्र मान्यताप्राप्त संस्थेचंच लागतं, ते आम्ही छापत नाही. आम्ही तयारी करून घेतो, परीक्षेला बसवतो. सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्सचं तीन वर्षं चालतं, नर्स-डॉक्टरांचं बीएलएस (बेसिक लाइफ सपोर्ट) दोन वर्षं. तारीख संपली की पुन्हा डमी.

शिरोलीतल्या एका फौंड्रीचे, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्याचे, मालक २०११ च्या बॅचला स्वतः बसले. त्यांना आम्ही काकाच म्हणतो. मोल्डिंगची लाईन दोन दिवस अर्ध्या पाळीसाठी बंद ठेवली आणि कामगारांच्या रांगेत गुडघे टेकले. सुभेदारमामांनी त्यांना तीनदा नापास केलं. चौथ्यांदा पास झाले तेव्हा काकांनी सगळ्यांना मिसळ दिली. तेव्हापासून त्यांची बॅच चुकली नाही.

२०१२ ते २०१७ बावीस कारखाने, शाळा, दोन सूतगिरण्या, साखर कारखान्याची एक पाळी. बरी वर्षं होती. २०१६ ला शाहूपुरीत तळमजल्यावर जागा घेतली, डमी जिन्यावरून चढवायला नकोत म्हणून.

आता त्या माणसाबद्दल. नाव लिहीत नाही. आमच्याकडंच दोन वर्षं बॅचचं कागदपत्र बघायचा. पोरगा हुशार, बोलायला गोड. २०१८ मध्ये नमस्कार करून गेला, आणि महिन्याभरात आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांकडं त्याचं पत्रक पोचलं. यादी माझ्याच रजिस्टरातली, ज्या कारखान्याचं स्पेलिंग मी चुकीचं लिहिलं होतं ते त्यानं तसंच छापलं होतं. आम्ही दोन दिवसांचे माणशी सहाशे घ्यायचो. त्याचे अडीचशे. वर्ग नाही, डमी नाही. आधारची झेरॉक्स आणि दोन फोटो द्या, संध्याकाळी व्हॉट्सअपवर सर्टिफिकेट. मी एका एचआरला विचारलं, अहो, यांना दाबता येतं का? ते म्हणाले, “साहेब, आम्हाला फाईलला लागतंय.” बावीसपैकी चौदा कारखाने वर्षात गेले. एका कार्यक्रमात तो स्टेजवर बसला होता आणि मी सातव्या रांगेत. सुभेदारमामा तेव्हा आजारी होते. त्यांना मी चौदाचा आकडा सांगितलाच नाही, आठ सांगितला. २०१९ च्या एप्रिलमध्ये ते गेले. झोपेत. माझ्या मनात अजून येतं, खरा आकडा त्यांना कळला असावा.

त्याच ऑगस्टमध्ये महापूर. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी ५५ च्या वर गेलं. मी डमी टेबलावर ठेवून कुलूप लावून आलो होतो, वाटलं टेबलापर्यंत काय येतंय. तिसऱ्या दिवशी नावेतून फिरणाऱ्या पोरांचा फोन आला. आवाज थरथरत होता. “काका, तुमच्या खिडकीत बाईमाणूस तरंगतंय.” मी म्हटलं, ती आमची ताई आहे, डमी आहे. त्यांना पटेना. त्यातल्या एकानं खिडकीतून हात घालून तिच्या गालाला हात लावला, मग फोनवर नुसता श्वास ऐकू आला.

पाणी ओसरल्यावर चार मोठ्या डमी, दोन तान्ह्या बाळांच्या, एईडीचा, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या यंत्राचा, सरावाचा संच, सगळं चिखलात. एईडी गेला. डमींची कातडी मी आणि बायकोनं ब्लीचिंगच्या पाण्यात धुतली, पण छातीतल्या स्प्रिंगा गंजून गेल्या होत्या. कंपनीची नवी स्प्रिंग मागवायला पैसे नव्हते. उद्यमनगरात एक मिस्त्री आहेत, ट्रॅक्टरच्या आणि प्रेसच्या स्प्रिंगा वळतात. त्यांना ताईच्या छातीतली जुनी स्प्रिंग दाखवली. पहिली नग कडक झाली, पैलवानालाही दाबेना. दुसरी नरम, पोरंसुद्धा खाली चेपायची. मग त्यांनी वजनकाट्यावर जुनी स्प्रिंग पाच सेंटिमीटर दाबून किती किलो लागतात ते मोजलं, तार एक नंबर कमी केली आणि तिसरी वळली. डमीत बसवली, मी दाबलं, क्लिक झाली. मिस्त्रींनी हात पुसून स्वतः एकदा दाबून बघितलं, आणि पैसे घेतले नाहीत. ती स्प्रिंग आजही चालू आहे.

फौंड्रीवाल्या काकांचा फोन त्याच आठवड्यात आला. त्यांचं प्रमाणपत्र २०२० पर्यंत चालणारं होतं, तरी म्हणाले, “आमच्या नव्या पोरांची बॅच आत्ता घ्या, ॲडव्हान्स पाठवतोय.” आणि तो सगळ्या बॅचचा पूर्ण पैसा होता. पुढं लॉकडाऊन आला, वर्षभर कुणाच्या तोंडाजवळ जायची सोय नव्हती. त्या पैशावर आम्ही टिकलो. चौदांपैकी पाच कारखाने परत आले, नऊ अजून त्याच्याकडंच आहेत. त्याचं बरं चाललंय, गाडी घेतली आहे. मला वाईट वाटत नाही असं मी म्हणणार नाही. त्याच्या कागदावर सही असलेली शेकडो माणसं आज पेट्यांशेजारी उभी आहेत, मी जसा उभा होतो तशी.

इथं आमच्या व्यवसायातल्या आणि फौंड्रीवाल्या मित्रांना दोन गोष्टी सांगतो. पेटीला कुलूप लावू नका. किल्ली स्टोअरकीपरच्या खिशात आणि स्टोअरकीपर रात्रपाळीला घरी, हे मी मोजता येणार नाही इतक्या ठिकाणी बघितलंय. भाजलं तर वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं, टूथपेस्ट नको, हळद नको, बर्फ नको. उसात साप चावला तर दोरी आवळू नका, चिरू नका, चोखू नका. माणसाला चालवू नका, हातपाय स्थिर ठेवा आणि प्रतिविष असलेल्या दवाखान्यात न्या. फिट आलेल्याच्या हातात किल्ल्या कोंबू नका, नाकाला चप्पल लावू नका, कुशीवर वळवा. आणि रस्त्यावर अपघात झाला तर पोलिसांच्या भीतीनं पुढं निघून जाऊ नका. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं १३४अ कलम आलंय, मदत करणाऱ्याला त्यात संरक्षण आहे. १०८ ला फोन करताना स्पीकरवर टाका, हात छातीवर राहू द्या.

२०२२ च्या उन्हाळ्यात काकांच्या कोअर शॉपमधला एक पोरगा ऑफिसात आला. डोकं भादरलेलं. त्याचे चुलते हातकणंगल्याकडच्या शेतात उसाला पाणी पाजताना कोसळले होते. त्यानं जागेवर छाती दाबायला घेतली, भावाला तिथंच शिकवून दोन-दोन मिनिटांनी आलटून पालटून पंचवीस मिनिटं दाबलं. १०८ आली, दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरांनी संपल्याचं सांगितलं. बाराव्यानंतर दोन दिवसांनी तो माझ्यासमोर उभा होता. “सर, माझं कुठं चुकलं ते बघा.”

मी ताईला खाली सतरंजीवर ठेवलं. तो गुडघ्यावर बसला. छातीच्या मधोमध तळहाताची टाच, कोपरं सरळ, एक ते दहा, एक ते दहा. मी घड्याळ घेऊन बाजूला बसलो. दोन मिनिटांत सगळ्या क्लिका आल्या, वेग एकशेदहाच्या आसपास, छाती दरवेळी पूर्ण वर. मी म्हटलं, “काही चुकलं नाही.” त्यानं ऐकलं, मान हलवली, आणि पुन्हा दाबायला लागला. मी थांबवलं नाही. आणखी दोन मिनिटं झाल्यावर तोच थांबला. आता रविवारच्या बॅचला तो माझ्याबरोबर असतो. नव्या पोरांना “छाती मोडंल की हो सर” अशी भीती वाटते, तेव्हा तो त्यांचे हात स्वतःच्या हातांखाली घेऊन दाबून दाखवतो. बरगडी मोडली तर जुळते, हे त्याच्या तोंडून त्यांना पटतं.

काकांची पाचवी खेप २०२४ मध्ये झाली. सत्तरी ओलांडली, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. मी आदल्या दिवशी फोन करून विचारलं, काका, तुमच्यासाठी डमी टेबलावर ठेवू का?

“माणूस टेबलावर पडतो व्हय?” म्हणाले. “खाली उशी तेवढी ठेव.”