विचारताय तर ऐका

आमच्या घरी कुणी पहिल्यांदा आलं आणि भिंतीलगतची रेकॉर्डांची रांग पाहिली, की एक प्रश्न ठरलेला असतो. 'यातली अशी कुठली, जी सगळ्यांनी ऐकायला हवी आणि कुणीच ऐकत नाही?' मी दर वेळी एकच काढते. १९७१ सालची, एचएमव्हीची, 'आय राइट, आय रिसाइट'. शब्द मीनाकुमारीचे, आवाज मीनाकुमारीचा, संगीत खय्याम यांचं. मग दुसरा प्रश्न येतो, तोही ठरलेला: 'ती गायची?'

तुम्हीही परवा तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

गायची. वडील अलीबक्ष हार्मोनियम वाजवायचे, संगीत शिकवायचे. घरात पैसा नव्हता म्हणून मुलगी लहानपणीच कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. १९४१ च्या 'बहन'मध्ये अनिल विश्वास यांच्याकडे ती बेबी मीना म्हणून गायली, तेव्हा ती जेमतेम आठ वर्षांची होती. चाळीसच्या दशकात आणखीही काही चित्रपटांत तिने स्वतःची गाणी स्वतः म्हटली. मग ती मोठी नायिका झाली आणि तिचं गाणं दुसऱ्यांकडे गेलं. ओठ तिचे आणि गळा लताबाईंचा, किंवा 'साहिब बीबी और गुलाम'मधल्या छोट्या बहूसाठी गीता दत्त यांचा. ती गाणी कुणाला नको आहेत? मलाही ती प्राणांहून प्रिय आहेत. पण वीस वर्षं लोकांनी जिचा चेहरा पाहिला, तिने शेवटी असं एक काम केलं ज्यात चेहरा नाहीच. नुसता आवाज, आणि तोंडात स्वतःचे शब्द. दुसऱ्या कुणी लिहिलेला संवाद नाही, सांगणारा दिग्दर्शक नाही. मला या रेकॉर्डचं मोल वाटतं ते इथे.

'नाज' या नावाने ती लिहायची. वह्या भरून लिहायची. मृत्युपत्रात तिने त्या वह्या गुलजारांच्या नावे केल्या आणि पुढे त्यांनीच त्यातलं निवडून 'तन्हा चाँद' हा संग्रह काढला. म्हणजे तिच्या हयातीत तिची कविता लोकांपर्यंत नीट पोचली ती बहुतेक या एका तबकडीतूनच.

मला ही रेकॉर्ड चोरबाजारात, मटन स्ट्रीटवरच्या एका दुकानात मिळाली. कव्हरचा एक कोपरा दमटपणाने फुगला होता, तबकडी मात्र स्वच्छ होती. घरी आणून लावली तेव्हा आत्या जमिनीवर बसून लसूण सोलत होती. तिने तरुणपणी मीनाकुमारीचे सगळे चित्रपट पाहिलेले, तरीही ही रेकॉर्ड तिला ठाऊक नव्हती. सुई टेकली, थोडी खरखर झाली आणि 'चाँद तन्हा है, आसमाँ तन्हा' सुरू झालं. दुसऱ्या शेराला मी आत्याकडे पाहिलं. अर्धी सोललेली पाकळी तिच्या बोटांत तशीच होती. गझल संपल्यावर म्हणाली, 'अगं, ही गात नाहीये. ही सांगतीये.'

आत्याने गझलेचं शास्त्र कधी वाचलं नव्हतं, पण नेमकं बोलली. हा प्रकार म्हणजे तरन्नुम. मुशायऱ्यात शायर आपली गझल साध्या चालीवर म्हणतो. चाल शब्दाला धरून चालते, शब्दाच्या पुढे पळत नाही. आपल्याकडे हे नवीन नाही. सुरेश भट स्वतःच्या गझला अशाच म्हणायचे. बोरकर आपल्या कविता गाऊन म्हणायचे. त्यांना ऐकताना आपण तान शोधत बसत नाही, मग मीनाकुमारीलाच ती का मागायची? 'गळा तयार नाही' हा शेरा या रेकॉर्डबद्दल मी अनेकदा ऐकला आहे आणि मला तो पटत नाही. श्वास काही जागी तुटतो, हे खरं. पण जिथे तुटतो तिथे ओळीलाही तेवढी जागा हवीच असते.

त्या एका गझलेत जरा थांबू. रदीफ, म्हणजे प्रत्येक शेराच्या शेवटी तसाच परत येणारा शब्द, इथे 'तन्हा' आहे; 'तन्हा' म्हणजे एकटं. आता काफिये, म्हणजे रदीफच्या आधी येणारे यमकाचे शब्द, पाहा: आसमाँ, कहाँ, धुआँ, जाँ, मकाँ, जहाँ. प्रत्येक शेर त्या नाकातल्या 'आँ'वर येऊन टेकतो आणि मग 'तन्हा' हळूच खाली ठेवला जातो. मीनाकुमारीचा आवाज खालचा, किंचित ओलसर. तो 'आँ' ती ताणत नाही, फक्त थोडा उशिरा सोडते. आशा विझल्यावर मागे उरतो तो धूर, आणि तोही एकटाच थरथरतो, असा एक शेर आहे. तो म्हणताना कंप तिच्या आवाजात येत नाही. ती अगदी सरळ म्हणते. पडद्यावर रडण्यासाठी जिची ख्याती, ती इथे रडायचं टाळते.

शेवटच्या शेरात तर ती सगळी गझलच उलटी करते. तोवर एकटेपण कवयित्रीचं आहे: शरीर एकटं, जीव एकटा, सोबत कुणी मिळालं तरी दोघं चालणार एकेकटीच. शेवटी मात्र ती म्हणते की आम्ही हे जग सोडून जाऊ, 'तन्हा'. कोण एकटं? जाणारी, की मागे शतकानुशतकं वाट पाहत राहिलेलं जग? दोन्ही अर्थ लागतात, आणि मला दर वेळी दुसराच जास्त ऐकू येतो.

खय्याम यांचं श्रेय इथेच द्यायला हवं. मागे वाद्यं आहेत, पण ती तिच्या वाटेत येत नाहीत. 'कभी कभी' अजून पाच वर्षं लांब होता, 'उमराव जान' दहा. त्या 'उमराव जान'साठी त्यांनी आशाताईंना नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत गायला लावलं आणि आपल्याला एक वेगळ्याच आशा भोसले ऐकायला मिळाल्या. खालच्या आवाजात काय असतं, याची त्यांची जाण या रेकॉर्डमध्ये आधीच दिसते.

मग ही ऐकली का गेली नाही? माझ्या मते वेळ आड आली. ४ फेब्रुवारी १९७२ ला मराठा मंदिरमध्ये 'पाकीजा' लागला आणि त्याच वर्षी ३१ मार्चला मीनाकुमारी गेली. अडतीस वर्षांची होती. त्यानंतर सगळीकडे 'पाकीजा'ची गाणी आणि तिच्या दुःखाच्या कहाण्या. दारू, मोडलेला संसार, आजारपण. लोकांनी रेकॉर्ड ऐकलीच तर त्या कहाणीचा पुरावा म्हणून ऐकली. मला याचं फार वाईट वाटतं. रदीफ-काफिया सांभाळणं, शब्द निवडणं, मोजून मापून म्हणणं, ही मेहनत आहे. नुसतं दुःख असून गझल होत नाही.

'टुकडे टुकडे दिन बीता' घ्या. दिवस तुकड्यातुकड्यांनी गेला, रात्र चिंध्याचिंध्यांनी मिळाली, आणि ज्याचा जेवढा पदर, तेवढंच त्याच्या पदरात पडलं. हे मराठीत सांगताना मला काही वेगळं करावंच लागत नाही, 'पदरात पडणं' आपल्याकडे आहेच. 'खाली दुकान' ही नज्म, म्हणजे एकाच विषयावरची सलग कविता, मला त्या मानाने थोडी सैल वाटते.

आणि मग ती गझल, जिची आठवण मला तुमच्या प्रश्नाने दर वेळी होते: 'पूछते हो तो सुनो'. विचारताय तर ऐका, आमचं कसं चाललंय. रात्र खैरातीची, पहाट सदक्याची. सदका म्हणजे इडापीडा टळावी म्हणून माणसावरून ओवाळून दान करतात ते. म्हणजे रात्र भिक्षेत मिळालेली आणि पहाट दुसऱ्या कुणावरून तरी ओवाळून टाकलेली. लहानपणी आजी दृष्ट काढून मीठमोहऱ्या चुलीत टाकायची, तो चरचर आवाज मला या ओळीपाशी ऐकू येतो. ज्या बाईला एका वर्षी फिल्मफेअरची सर्वोत्तम अभिनेत्रीची तिन्हीच्या तिन्ही नामांकनं मिळाली, तिने आपल्या वाट्याच्या पहाटेला हा शब्द लावला.

रेकॉर्ड मिळाली नाही तरी अडत नाही, ही ध्वनिमुद्रणं आता इंटरनेटवर सहज ऐकता येतात. फक्त एक करा: मोबाइल पालथा ठेवा, म्हणजे तिचा फोटो समोर राहणार नाही. सुरुवात 'चाँद तन्हा'ने करा, आणि ते संपलं की लगेच पुढचं लावू नका. आत्याने त्या दिवशी लसणाची ती पाकळी ताटलीत ठेवली, हात पुसले आणि म्हणाली, 'परत तेच लाव.'