मुंबईतला गाण्यांचा आठवडा

फेब्रुवारीत जळगावहून रात्रीची गाडी पकडून काळा घोडा फेस्टिव्हल गाठला, 1999 पासून चालू आहे आणि तिकीट लागत नाही, म्हणजे आपल्यासारख्यांची सोय. एका संध्याकाळी ड्रमसेट आणि मृदंगमचा सवाल-जवाब असा पेटला की शेजारचे काका मांडीवर ताल मोजता मोजता चुकले आणि स्वतःच हसायला लागले. ही मिसळ नवीन नाही म्हणा, गिटारवाला जॉन मॅकलॉफ्लिन आणि तबलावादक झाकीर हुसेन यांच्या 'शक्ती' बँडने 1970 च्या दशकातच हे करून दाखवलंय, पण आता निम्मे फ्युजनवाले तबल्याखाली नुसता बास टाकतात आणि मोकळे होतात, जाम बोअर. मित्र म्हणे, "भाऊ, आपली खानदेशातल्या कानबाई देवीची गाणी अशी वाजवली तर?" वाजवा ना, फक्त आपल्या बायांनाच गाऊ द्या, डीजे नको.