सॅक, पोती आणि एफ१

२०१९च्या जूनमधली गोष्ट. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानाचा सर्व्हर मी बघायचो. पट्ट्या, हमाली, तोलाई सगळं एका उबंटू १८.०४ या लिनक्सच्या मशीनवर. शेठना मिरजेतून घरबसल्या हिशेब बघता यावा म्हणून एक पोर्ट, म्हणजे नेटवरून आत यायचं दार, बाहेर उघडा.

१७ जूनला लिनक्सच्या कर्नलमधली, म्हणजे मशीन चालवणाऱ्या मूळ प्रोग्रॅममधली, 'सॅक पॅनिक' ही चूक जाहीर झाली. नेटफ्लिक्सच्या जोनाथन लूनींनी शोधलेली. चोरी नाही, पण पासवर्डशिवाय बाहेरूनच मशीन आडवं करता येतं.

"सॅक म्हणजे पोतं ना? आपल्या पोत्यांचं काय?" शेठ म्हणाले. मग मीही पोत्यांवरच आलो. शंभर पोती निघाली, सत्तेचाळिसावं वाटेत राहिलं, तर हमाल सांगतो, 'तेवढं एक सोडून बाकी आली'. टीसीपीत, म्हणजे नेटवर माहिती पोचवायच्या नियमांत, या निरोपाला सॅक म्हणतात. हल्लेखोर काय करतो, तर माप इतकं बारीक मागतो की एका पुडीत ८ बाइटच मावतात. कर्नलच्या एका बफरात, म्हणजे पाठवायची माहिती ठेवायच्या कप्प्यात, ३२ केबीचे १७ तुकडे बसतात, म्हणजे पुड्या झाल्या ६९,६३२. मोजणारा आकडा १६ बिटांचा, ६५,५३५ला संपणारा. हिशेब जुळेना म्हणून दिवाणजीनं दुकानालाच कुलूप ठोकावं, तसं कर्नल स्वतःला बंद पाडतो.

"सौदे चालू असताना मशीन बंद करायचं नाही," एवढंच शेठ बोलले. म्हणून दुपारी नुसतं सॅक बंद केलं, रात्री घरून अपडेट लावलं आणि निवांत झोपलो.

शुक्रवारी सहज कर्नलचा नंबर बघितला तर जुनाच, ४.१५.०-५०! दुरुस्तीचा ५२ डिस्कवर येऊन पडला होता, पण तो चालू व्हायला रीबूट कुणी करायचं? माझंच काम. शरमलो.

शनिवारी रात्री घरूनच रीबूट दिलं. दहा मिनिटं झाली, मशीन उठेना. गाडी काढून यार्डात गेलो, मॉनिटर जोडला. पडद्यावर: कीबोर्ड सापडला नाही, पुढे जाण्यासाठी एफ१ दाबा. कीबोर्डच नसताना एफ१ दाबायचं कशानं, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक. वॉचमननं हिशेबाच्या टेबलावरचा कीबोर्ड आणून दिला, बटणांच्या फटीत हळद बसलेली. एफ१ दाबलं. ५२ आला. सॅक बंद केल्याचा तो बदल फाइलीत लिहिलाच नव्हता, त्यामुळे सॅक आपोआप चालू झालेलं.

बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, जाऊन ती कीबोर्डची अट तेवढी काढून टाकली.