तुम्ही विचारलेत म्हणून: ओगावांच्या फुलांविषयी

"रंग जर माणसांनी हाताने भरलेले असतील, तर त्याला छायाचित्रांचे पुस्तक कशाला म्हणता?" जपानी छायाचित्रकार काझुमासा ओगावा यांच्या 'सम जॅपनीज फ्लॉवर्स' या १८९६ सालच्या पुस्तकाविषयी मी कुठेही बोललो की हा प्रश्न येतोच, आणि विचारणाऱ्याचे मत बहुतेक वेळा आधीच ठरलेले असते. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

फुलासमोर कॅमेरा होता, काचेवर निगेटिव्ह तयार झाली आणि तिच्यावरून कॉलोटाइप पद्धतीने पाने छापली गेली, एवढे निर्विवाद आहे. ओगावा १८८२ मध्ये अमेरिकेला गेले, बोस्टनमध्ये ही विद्या शिकले आणि परतल्यावर त्यांनी टोकियोत तिचा छापखाना उभारला. या पद्धतीत काचेवर जिलेटिन आणि बायक्रोमेट या प्रकाशसंवेदी रसायनाचा थर देतात. तो उष्णतेत वाळवताना त्याला अतिसूक्ष्म सुरकुत्या पडतात, आणि मग निगेटिव्हमधून जिथे प्रकाश पोहोचतो तिथे थर कडक होऊन शाई धरतो, जिथे पोहोचत नाही तिथे पाणी धरून शाईला दूर ठेवतो. आजच्या नेहमीच्या ऑफसेट छपाईत चित्र बारीक ठिपक्यांत फोडणारी स्क्रीन असते, तशी इथे नाही, ठिपके नाहीत. माझी सारी नोकरी छापखान्यात प्लेटी करण्यात गेली, त्यामुळे हा फरक मला किरकोळ वाटत नाही.

तरीही एका महाविद्यालयातल्या व्याख्यानानंतर मी निरुत्तर झालो. वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक उठून पुढे आले. सह्याद्रीतली झाडे ओळखायला मी ज्यांच्या मागून फिरत शिकलो, तेच हे सर. फुलातले पुंकेसर मोजण्यासाठी ते नेहमी जवळ बाळगतात ते भिंग त्यांनी काढले, माझ्याकडच्या पुनर्मुद्रणातले लिलीचे पान उघडले, बराच वेळ पाहिले आणि मुलांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मला इथे छापखान्याचे ठिपकेच दिसताहेत. तुमचा कॅमेरा दिसत नाही, तुमचा रंगारीही दिसत नाही." ते खरे होते. नवे पुस्तक ऑफसेटवर छापलेले. त्यात जिलेटिनच्या सुरकुत्या राहत नाहीत आणि जलरंगाचा थरही राहत नाही, दोन्ही सारख्याच ठिपक्यांत विरघळून जातात. जो फरक मी तासभर समजावत होतो, तो माझ्या हातातल्या पानावर नव्हताच. मग सर जरा मऊ स्वरात म्हणाले, "पाकळीचा रंग कोणी ठरवला हे ज्याला सांगता येत नाही, त्याने ते पान मुलांपुढे पुरावा म्हणून ठेवू नये." हे वाक्य मला लागले, आणि अजून लागते.

पुढे टोकियोत जिंबोचो भागातल्या जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात मूळ प्रतीतले सुटे पान भिंगाखाली पाहायला मिळाले. पाकळीच्या शिरांवर करड्या छटा एकमेकींत मिसळत गेल्या होत्या, एकही ठिपका नव्हता, होती ती सुरकुत्यांची नागमोडी जाळी. आणि तिच्यावर पातळ रंग, जो एका जागी पाकळीची कड ओलांडून केसभर बाहेर गेला होता. कड कॅमेऱ्याने ठेवली होती, रंग हाताने. मी सरांना फोन केला. ते म्हणाले, "कड मान्य. रंगाचे काय?"

रंगाचे उत्तर मी पूर्वी असे देत असे की तो वरचा साज आहे, पुसला तरी छायाचित्र उरते. आज मला ते बोलणे अन्यायाचे वाटते. त्या काळच्या कॅमेऱ्यातल्या साध्या काचप्लेटी प्रामुख्याने निळ्या प्रकाशाला दाद देत; त्यामुळे लाल आणि पिवळी पाकळी काळवंडून येई, निळी फिकट पडे. म्हणजे रंगाविना उरणारे चित्रही फुलाशी पूर्णपणे प्रामाणिक नव्हते, आणि प्लेटीने जे गमावले ते कुंचला धरणाऱ्याने परत आणायचे होते. थेट रंगीत छायाचित्रणाची ऑटोक्रोम प्लेट बाजारात आली १९०७ साली. जपानमधल्या योकोहामा शहरातल्या स्टुडिओंत मात्र छायाचित्रे रंगवण्याचे काम १८६० च्या दशकापासून चालत होते. तिथले रंगारी कसलेले कारागीर होते. असे असूनही हे पुस्तक ओळखले जाते ते ओगावांच्या नावाने, रंग भरणाऱ्यांच्या नव्हे. ज्यांना त्यात खोटेपणा दिसतो, त्यांनी त्या काळी लाल फुलाचा लाल रंग पानावर आणण्याचा दुसरा कोणता मार्ग ओगावांपुढे होता, हेही सांगावे.

तेव्हा माझ्यापुरते ते छायाचित्रांचेच पुस्तक आहे, आणि रंगाऱ्यांचेही आहे. कमळ किंवा लिली ओळखायला मला त्यातला आकार पुरतो, आणि तेवढ्यासाठी मी ते मुलांना पुढेही दाखवणार आहे. शेवंतीपाशी मात्र मी अडतो. जपानी बागायतदारांनी शेवंतीचे जे असंख्य वाण पिढ्यान्‌पिढ्या जोपासले, त्यांतले कितीतरी रंगानेच वेगळे ठरतात, आणि त्या पानांपुढे सरांचा प्रश्न जसाच्या तसा उभा राहतो.