कोठडीत मारलं, पुरावा नाही, मग तक्रार करून काय होणार?

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो आणि विचारणाऱ्याने मनातल्या मनात उत्तरही देऊन टाकलेलं असतं: काही होत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते. कारण ते उत्तर बरंचसं खरं असलं, तरी ते तसं का आहे हे कळलं की काय करायचं हेही कळतं.

2001 ते 2020 या वीस वर्षांत, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार, देशात पोलीस कोठडीत 1,888 मृत्यू झाले. पोलिसांवर गुन्हे नोंदले गेले 893. आरोपपत्र दाखल झालं 358 पोलिसांवर आणि शिक्षा झाली 26 जणांना. हे झालं मृत्यूंचं. नुसत्या मारहाणीची तर मोजदादच नाही.

बंद खोलीत निःशस्त्र माणसाला मारलं जातं तेव्हा साक्षीदार सगळे त्याच ठाण्याचे असतात. ठाणे दैनंदिनी त्यांची, लॉकअप रजिस्टर त्यांचं, कॅमेऱ्याची किल्लीही त्यांच्याकडेच. विधी आयोगाने 1985 सालीच, आपल्या 113व्या अहवालात, सुचवलं होतं की कोठडीत असताना इजा झाली, तर ती पोलिसांनीच केली असं न्यायालयाला गृहीत धरता यावं. ती शिफारस कायद्यात आली नाही. 2023 मध्ये साक्ष कायदा नव्याने लिहिला गेला, तेव्हाही नाही. त्यामुळे सिद्ध करण्याचं ओझं मार खाणाऱ्यावरच आहे. ते पेलायचं तर ठाण्याच्या बाहेर तयार झालेला, तारीख-वेळ असलेला कागद लागतो. असा कागद पहिल्या दोन-तीन दिवसांतच तयार होऊ शकतो.

सुरुवात उचलून नेल्याच्या क्षणापासून होते. बहुतेक मारहाण अटक दाखवण्याआधी होते, ‘चौकशीला बोलावलंय’ या नावाखाली. 24 तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करण्याचं बंधन प्रत्यक्ष ताब्यात घेतल्यापासून मोजायला हवं, पण कागदावर अटक दुसऱ्या दिवशी संध्याकाळची दिसते. म्हणून घरच्यांनी लगेच 112 वर फोन करावा. पोलीस पोलिसांवर धाडी घालतील अशी आशा त्यामागे नाही. त्या फोनची वेळ ठाण्याबाहेरच्या यंत्रणेत नोंदली जाते, एवढ्यासाठीच तो करायचा. सोबत पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तांना दोन ओळींचा ईमेल: कोणाला, कुठून, किती वाजता, कोणत्या गाडीतून नेलं. गल्लीतल्या दुकानाच्या कॅमेऱ्याचं चित्रण त्याच दिवशी मागून घ्या, आठवड्याने ते पुसलेलं असतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम 36 प्रमाणे अटकेच्या पत्रकावर नातेवाइकाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही लागते. सही करताना वेळेचा रकाना वाचा. वेळ खोटी असेल तर सहीखाली खरी वेळ लिहा. माणूस कुठे आहे हेच सांगत नसतील, तर उच्च न्यायालयात हेबिअस कॉर्पसची, म्हणजे ‘माणसाला न्यायालयासमोर हजर करा’ अशी, याचिका करता येते. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या लोकांना ऑगस्ट 2025 पासून त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही, कोल्हापुरात सर्किट बेंच बसतं.

यानंतरचा कागद डॉक्टरांचा, आणि सगळ्यांत जास्त प्रकरणं इथेच बिघडतात. अटकेनंतर लवकरात लवकर वैद्यकीय तपासणी, अंगावरच्या जखमांची नोंद, त्या अंदाजे कधी झाल्या त्याची वेळ आणि अहवालाची प्रत अटक झालेल्याला किंवा त्याने नेमलेल्या माणसाला, हे सगळं त्याच संहितेच्या कलम 53 मध्ये आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू निकालाने 1996 मध्ये कोठडीत दर 48 तासांनी तपासणी बंधनकारक केली. प्रत्यक्षात ग्रामीण रुग्णालयात रात्री अकराला रांगेत उभं केलं जातं, हवालदार खांद्याला खांदा लावून उभा असतो, डॉक्टर वर न बघता ‘काही त्रास?’ विचारतात आणि केसपेपरवर ‘ताज्या जखमा नाहीत’ असं उतरतं. ही एक ओळ पुढे वर्षानुवर्षं छळते.

म्हणून आत असलेल्या माणसापर्यंत वकिलामार्फत एवढं तरी पोहोचवा: पोलिसांना खोलीबाहेर थांबवा असं डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं, कपडे काढून दाखवायचं, कशाने मारलं ते सांगायचं आणि एम.एल.सी. (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलीस-न्यायालयाशी संबंधित प्रकरण) अशी नोंद करा म्हणायचं. काठीच्या फटक्याने कातडीवर दोन समांतर रेघा उठतात आणि मधला भाग फिकट राहतो. हे वर्णन अहवालात आलं तर ‘पडून लागलं’ हा खुलासा टिकत नाही. तळपायावरचा मार बाहेरून फारसा दिसत नाही, फक्त सूज आणि चालताना कळ. त्यामुळे तो तोंडाने सांगावाच लागतो. खोलवरचा मुका मार दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर उमटतो, सावळ्या कातडीवर तर आणखी उशिरा कळतो. पहिल्या तपासणीत काही दिसलं नाही म्हणून गप्प न बसता दुसरी मागायची. वळ निळे पडतात, मग हिरवट, मग पिवळे होतात आणि साधारण दोन आठवड्यांत जातात. फोटो काढता आले तर शेजारी मोजपट्टी ठेवून आणि एक फोटो चेहऱ्यासकट काढा, म्हणजे पाठ कोणाची यावर वाद होत नाही.

एक गोष्ट पुराव्यापेक्षा महत्त्वाची आहे. मांड्या-पाठीवर खूप मार बसला असेल आणि लघवी काळपट, कोऱ्या चहासारखी होत असेल किंवा होतच नसेल, तर स्नायू फुटून मूत्रपिंडं निकामी होत असण्याची शक्यता असते. क्रिएटिनिन आणि सीपीके या रक्त तपासण्या तातडीने लागतात. माणूस अशाने दोन-तीन दिवसांनी दगावू शकतो, आणि तोवर तो न्यायालयीन कोठडीत असतो.

तिसरा कागद न्यायालयातला. शीला बारसे प्रकरणात, जे मुंबईच्या कोठड्यांमधल्या स्त्रियांच्या छळावरूनच उभं राहिलं, सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्ये सांगितलं की हजर केलेल्या प्रत्येकाला दंडाधिकाऱ्यांनी विचारलं पाहिजे: मारहाणीची तक्रार आहे का? तपासणीचा हक्कही सांगितला पाहिजे. हा प्रश्न गर्दीच्या न्यायालयात अर्ध्या मिनिटात उरकला जातो. ज्यांच्या ताब्यात परत जायचं आहे, ते पोलीस हाताच्या अंतरावर उभे असतात. माणूस ‘नाही’ म्हणतो. रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या त्या दिवसाच्या नोंदीत, ‘पोलिसांविरुद्ध तक्रार नाही’ असं लागतं.

हे वाक्य किती जड असतं, ते परभणीत दिसलं. डिसेंबर 2024 मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर उसळलेल्या हिंसाचारात अटक झालेला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी 15 डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. त्याने दंडाधिकाऱ्यांसमोर मारहाणीची तक्रार केली नव्हती, असं विधानसभेत सांगितलं गेलं. छत्रपती संभाजीनगरला झालेल्या शवविच्छेदनात मात्र अनेक जखमांमुळे बसलेला शॉक, असं कारण आलं. त्याच्या आईने याचिका केली, जुलै 2025 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवायला सांगितलं आणि राज्य सरकारचं अपील सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात फेटाळलं. नुसता गुन्हा नोंदला जायला सात महिने लागले, तेही शवविच्छेदनाचा कागद हातात असताना.

म्हणून वकिलाने पहिल्याच रिमांडला, म्हणजे कोठडी मागण्यासाठी हजर करतात तेव्हा, मारहाणीबद्दल लेखी अर्ज द्यावा. तोंडी सांगितलेलं रोजनाम्यात येईलच असं नाही, पण अर्ज दाखल झाला की त्यावर आदेश करावा लागतो. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो, 15100 वर फोन करा. कोठडीतून तुरुंगात जाताना तुरुंगाचे वैद्यकीय अधिकारीही अंगावरच्या जखमा नोंदवतात. ही नोंद पोलिसांच्या हातची नसते आणि तरी ती मागायचं बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

कॅमेऱ्यांबद्दल. परमवीर सिंग सैनी प्रकरणात 2 डिसेंबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात, लॉकअप, व्हरांडे, निरीक्षकांची खोली, मागची बाजू, सगळीकडे आवाजासह चित्रण आणि ते 18 महिने, अगदी नाहीच जमलं तरी किमान एक वर्ष जपायला सांगितलं. तरी उत्तर येतं: डीव्हीआर (चित्रण साठवणारं यंत्र) नादुरुस्त होता. म्हणून ‘फुटेज द्या’ म्हणण्याआधी ‘फुटेज जपून ठेवा’ असा अर्ज द्या. त्यात तारीख, कोणत्या तासापासून कोणत्या तासापर्यंत, आणि कोणत्या खोलीचा कॅमेरा, हे लिहा. एक प्रत ठाण्यात, एक अधीक्षकांना, एक दंडाधिकाऱ्यांना, सगळ्यांवर आवक शिक्क्याची पोच. अर्ज मिळाल्यानंतर चित्रण नाहीसं झालं, तर त्याचा जाब ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला द्यावा लागतो.

गुन्हा नोंदवायला ठाणं नकार देईल हे धरूनच चाला. मग नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) खाली अधीक्षकांना टपालाने, आणि तिथेही काही झालं नाही तर प्रतिज्ञापत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे. भारतीय न्याय संहितेचं (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्याचं) कलम 120 आवर्जून लिहा: कबुली उकळण्यासाठी इजा केली तर सात वर्षांपर्यंत, गंभीर इजा असेल तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा. एरवी साधी मारहाण म्हणून एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, करून मोकळे होतात. खटल्यासाठी सरकारची मंजुरी हवी, हा बचाव येणारच. कबुलीसाठी बदडणं हे पोलिसाचं कर्तव्य नाही, असं न्यायालयांनी वेळोवेळी म्हटलं आहे. मंजुरी लागतेच असं ठरलं, तरी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 218 प्रमाणे 120 दिवसांत निर्णय झाला नाही तर ती दिली असं धरलं जातं. राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडेही जा, पण ते गुन्हा नोंदवत नाही आणि शिक्षाही देत नाही, चौकशी करून अहवाल देतं. फक्त तिथेच तक्रार करून वाट पाहत बसणाऱ्यांची वर्षं वाया जातात.

तक्रारीत अतिशयोक्ती अजिबात नको, हे मी प्रत्येकाला कळकळीने सांगते. दोघांनी मारलं असेल तर दोघंच लिहा. नाव माहीत नसेल तर छातीवरची नावपट्टी, हुद्दा, बांधा, आवाज लिहा. सात जणांची नावं घातली आणि त्यांतले तिघे त्या दिवशी रजेवर निघाले, की उरलेल्या चौघांची सुटका तुम्हीच करून दिलेली असते. तक्रारीनंतर सरकारी कामात अडथळा आणल्याचा उलट गुन्हा, न्याय संहितेचं कलम 132, जवळपास ठरलेलाच. अटकपूर्व जामिनाचा अर्ज आधीच तयार ठेवा. आणि ‘मिटवून टाकू’ म्हणून कोणी निरोप आणला, तर कुठल्याही कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या कागदावर सही करू नका. जबाब वाचून घ्या, प्रत मागा, नाही दिली तर त्याच दिवशी अधीक्षकांना ईमेल करून तसं कळवा.